कवळीचा दुसरा अर्थ

त्र्यंबक, परवा तुझ्या तेरवीला लोक हसले.

आधी सगळे गप्पच होते. रिठदच्या तुझ्या अंगणातली पंगत उठली, पानं उचलून झाली, आणि सुपारी कातरता कातरता शाळेचा शिपाई रामजी म्हणाला की मास्तर असते तर या सुपारीवरही काहीतरी बोलले असते. मग कोणीतरी तुझं ते सांगितलं. वर्गात पोरं हसायला लागली की तू फळ्याकडे तोंड करून म्हणायचास, "इथे दात काढायचे नाहीत. त्यासाठी रिसोडला दंतोपंत बसलेला आहे." दुसऱ्यानं सांगितलं, की ज्याला पाठ येत नसे त्याला तू पाठ पुढे करायला लावायचास आणि मग नुसती थोपटून जागेवर पाठवायचास. बघता बघता सगळं अंगण हसू लागलं. मग आत वहिनी आहेत हे कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

हसताना ते माझ्याकडे पाहत होते, कारण निम्म्या गोष्टींत मी होतो. दत्तात्रय हे माझं नाव, रिसोडात सगळे दत्तोपंत म्हणायचे. तू त्यातला एक त काढून वर टिंब ठेवलंस आणि मी जन्माचा दंतोपंत झालो. आता नव्या गिऱ्हाइकाला माझं खरं नाव सांगितलं तर त्याला ते खोटं वाटतं.

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. दर बाजाराच्या दिवशी तू येणारच, मग लिहायचं कशाला. काल बाजार होता. तू आला नाहीस, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

तुला आठवतं का, आपल्याला मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर शिकवायचे ते म्हातारे गुरुजी? आपण सात वर्षांचे असू. दोघांचेही पुढचे दुधाचे दात पडलेले. त्या दिवशी गुरुजींनी दंत्य अक्षरं घेतली होती, त थ द ध न. जीभ दाताला लावून म्हणा, असं ते सांगत होते. मी जीभ लावायला गेलो तर दाताच्या जागी खिंडार, आणि तोंडातून नुसता वारा. त्यांनी माझ्या हातावर छडी मारली. मग तुझी पाळी आली. तुझंही तेच झालं. त्यांनी छडी उचलली तेव्हा तू अगदी गंभीरपणे म्हणालास, "गुरुजी, दातच नाहीत, तर दंत्य कुठून आणू?"

गुरुजी आधी तुझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. छडी वर गेली होती ती तशीच खाली आली, आणि ते ओसरीच्या खांबाला टेकून डोळे पुसत हसत बसले.

माझा हात चुरचुरत होता आणि तुझा कोरडा राहिला होता. मी पुढे बरेचदा या गोष्टीचा विचार केला आहे. शब्द उलटा धरला की मार चुकतो, हे तुला त्या दिवशी समजलं, आणि पुढचं सगळं आयुष्य तू शब्द उलटेच धरलेस. बाप रागावला की कोटी. ट्रेनिंगच्या परीक्षेत अडलं की कोटी. तुझ्या आईनं डोळे मिटले त्या दिवशीसुद्धा तू सांत्वनाला आलेल्यांना हसवून परत पाठवलंस. मी तेव्हा तुझा हात धरायला आलो होतो. मलाही तू हसवलंस, आणि हात धरायचा राहून गेला.

मी मामाबरोबर नागपूरला गेलो, एका दाताच्या डॉक्टराकडे बारा वर्षं काम केलं, त्यांच्याच हाताखाली दात काढायला आणि बसवायला शिकलो. परत येऊन रिसोडच्या पेठेत दुकान काढलं तेव्हा पाटी तू रंगवलीस. मी सांगितलं होतं, नाव लिही आणि खाली काम लिही. तू लिहून आणलंस, "दात काढा, नाहीतर आम्ही काढू." मी चिडलो होतो. म्हटलं, माणूस दुखत असताना येतो, त्याला ही पाटी वाचून काय वाटेल? तू म्हणालास, आठ दिवस लावून पाहा. आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की लोक पाटी वाचून हसत आत येतात, आणि हसलेल्या माणसाचा जबडा सैल पडलेला असतो. ती पाटी अजून आहे.

मग तुझ्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. रिठदहून कोणी दात धरून निघाला की तू त्याच्या हाती शाळेच्या कागदावर चिठ्ठी द्यायचास. "मागच्या बाकावरची डाव्या रांगेतली दाढ फार दंगा करते. शेजारणीलाही बिघडवते. तिचं नाव पटावरून कमी करावं." एकदा पाटलांच्या सासूबाईंबरोबर पाठवलीस, "यांची अक्कलदाढ काढावी. दाढ न्यावी, अक्कल परत पाठवावी." त्या बाईंना वाचता येत नव्हतं हे माझं नशीब. आणि ते वर्गमूळ! तू म्हणायचास की तुझं माझं काम एकच. "मी वर्गाचं मूळ काढतो, तू दाढेचं. फरक एवढाच की माझ्या हातून निघत नाही आणि तुझ्या हातून मोडतं."

मोडतं, हे खरं होतं. सगळ्यांसमोर तू तेवढं म्हणायला नको होतंस. पण मी हसलो. तुझ्या कोटीला मी नेहमीच हसायचो. कोटी केलीस की तू बाकीच्यांकडे बघायचा नाहीस, माझ्याकडे बघायचास, आणि मी हसलो की मग तुझा चेहरा सुटायचा.

तुझे दात हलायला लागले तेव्हा आपण पंचेचाळिशीला आलो होतो. हिरड्यांतून पू यायचा. मी दोन वर्षं सांगत होतो की नीट साफ करू दे. तू म्हणायचास, शिक्षकाचे दात आहेत, बदलीची ऑर्डर आली की जातील. शेवटी वरचे सगळे काढावे लागले. तीन-चार बाजार तू माझ्या खुर्चीत बसलास, आणि एकदाही कण्हला नाहीस. वरचा जबडा रिकामा झाला आणि तुझी दंत्य अक्षरं पुन्हा गेली. तुला स्वतःचं नाव घेता येईना. वहिनींचंही येईना. "गोदा" म्हणायला जायचास तर द च्या जागी नुसती वाफ.

शाळेची तपासणी तोंडावर आली होती. वाशीमहून डिप्टी यायचे होते. तुमचे हेडमास्तर त्या वर्षी निवृत्त होत होते आणि ती जागा तुझी, हे सगळं गाव धरून चाललं होतं. फक्त डिप्टींसमोर एक पाठ नीट घेऊन दाखवायचा होता. म्हणून मी घाईनं तुझ्या जबड्याचं माप घेतलं, नागपूरहून हिरडीच्या जागी बसणारं रबर आणि दात मागवले आणि कवळी करायला घेतली.

त्याच आठवड्यात रिठदच्या पारावर तुला कोणीतरी विचारलं, मास्तर, रिसोडच्या चकरा काहून वाढल्या. आणि तू म्हणालास, "कवळी आणून राह्यलो. दत्तानं पाहून ठेवली. माप झालं. आठ दिवसांत घरी येते."

आपल्याकडे कवळी काकडी म्हणतात, कवळी पोरही म्हणतात. पारावर जे होते त्यांना दोन्ही अर्थ कळले आणि ते हसले. पण बोलणं विहिरीवर पोचेपर्यंत एकच अर्थ उरला. मास्तर रिसोडहून दुसरी बायको आणतात. कोवळी आहे. दत्तानं जमवली.

गोदावहिनींच्या लग्नाला तेव्हा तेवीस-चोवीस वर्षं झाली होती. मूल नव्हतं. तुझी आई होती तोवर दर दिवाळीला दुसरेपणाचा विषय काढायची आणि तू दर दिवाळीला तो उडवून लावायचास. वहिनी दाराआडून ते ऐकायच्या. आई गेल्यावर त्यांना वाटलं असेल की आता तो विषय संपला.

तू कवळी घालून बघायला आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारची वेळ होती, बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी कवळी बसवली, दोन ठिकाणी घासली, पुन्हा बसवली आणि हातात आरसा दिला. तू आरशात न बघता म्हणालास, "त, थ, द, ध, न." अगदी स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी तुझ्या पाठीवर थाप मारली. मग तू हळूच म्हणालास, "गोदा." आणि आरसा खाली ठेवलास.

"ती माहेरी गेली," तू म्हणालास. "मंगरूळले. काल भाऊ येऊन घेऊन गेला."

मी विचारलं, काहून. तू सांगितलंस. पारावरचं सांगितलंस, विहिरीवरचं सांगितलंस. वहिनींनी घरी येऊन तुला विचारलं होतं की हे खरं आहे का, आणि तू म्हणाला होतास, "हाव, कवळी आणतो. तुयी काही हरकत?" दोन दिवस त्या जेवल्या नाहीत आणि दोन दिवस तू सांगितलं नाहीस. तुला वाटलं होतं की दात घालून एकदम त्यांच्यासमोर उभं राहावं आणि त्यांना हसू फुटावं. तू हे सगळं रंगवून सांगितलंस, त्र्यंबक. तुला दुसऱ्या तऱ्हेनं सांगताच येत नव्हतं. बाकावरचे दोघं तर पोट धरून हसले.

तू माझ्याकडे बघितलंस. मी पकड पुसत होतो.

"तिले आनाले जाय," मी म्हणालो.

"परवा डिप्टी येऊन राह्यला. तपासनी झाली की जातो."

"अन् तोवर?"

"शब्दाले दोन अर्थ असतात, दत्ता. तिनं दुसरा घेतला. त्यात माहा काय गुन्हा?"

"दोन अर्थ असतात. पन त्यातला तिले कोनता लागन, हे तुले ठाऊक होतं. तिची ओटी रिकामी हाय, अन् तू तिच्यावर कोटी केली."

ते जुळलं, पण मी जुळवून बोललो नव्हतो. तोंडातून गेलं आणि मग माझ्याच कानाला ते लागलं. बाकावरचे हसायचे थांबले. तू तोंडातली कवळी काढलीस, माझ्या टेबलावर ठेवलीस, टोपी डोक्यावर घातलीस आणि पायऱ्या उतरून गेलास.

मी तुला हाक मारली नाही. मला वाटलं, दात इथे आहेत म्हणजे तपासणीच्या आधी परत येशील. दोन दिवस ती कवळी पाण्यात घालून मी वाट पाहत होतो. तिसऱ्या दिवशी रामजी काही कामानं रिसोडला आला आणि त्यानं सांगितलं की डिप्टी येऊन गेले आणि मास्तर शाळेत नव्हतेच. रजेचा अर्ज नाही, निरोप नाही. डिप्टींनी शेऱ्याच्या वहीत काय लिहायचं ते लिहिलं. पुढं महिन्याभरात वाशीमचे एक गृहस्थ हेडमास्तर होऊन आले, आणि तू शेवटपर्यंत दुसरा मास्तर राहिलास. तुझ्याहून नऊ वर्षांनी लहान माणसाला तू उठून नमस्कार करायचास.

पण तो हेडमास्तर यायच्या आधीचा, तपासणीनंतरचा तो बाजाराचा दिवस. बैलांची दमणी दुकानासमोर थांबली आणि तू उतरलास, आणि मागून वहिनी उतरल्या. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. तू आत आलास आणि नुसता हात पुढे केलास. मी पाण्यातून कवळी काढून तुझ्या हातावर ठेवली. ती घालून तू दारात गेलास आणि म्हणालास, "गोदा." चारचौघांत बायकोचं नाव घेतलंस. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, हे मला आतून दिसलं नाही. जाताना त्यांनी माझ्यासाठी आणलेल्या रेवड्यांचा पुडा बाकावर ठेवला, मंगरूळच्या दर्ग्यापाशी मिळतात त्या. दातवाल्याच्या दुकानात रेवड्या, आणि तू त्यावर काही बोलला नाहीस. तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर तू माझ्याशी कोटी केलीच नाहीस.

हे कोणाला सांगून पटायचं नाही. शाळेत तुझं चालूच होतं. पारावर चालूच होतं. लोक तुझी नवी कोटी मला येऊन सांगायचे आणि मी ऐकल्यासारखं करून हसायचो. पण बाजाराच्या दिवशी तू माझ्यासमोर बसलास की सरळ बोलायचास. पाऊस कमी आहे. गुडघा दुखतो. शाळेतलं एक पोर हुशार आहे पण बाप त्याला गुरांमागे पाठवतो, काय करावं. कधी कधी बराच वेळ काहीच बोलायचा नाहीस आणि रस्ता बघत बसायचास. चिठ्ठ्याही बदलल्या. "श्री. दत्तोपंत यांस, सोबतच्या इसमाची दाढ पाहावी." श्री. दत्तोपंत! मी ती चिठ्ठी हातात धरून कितीतरी वेळ बसलो होतो.

मी समजलो की तुझ्या मनातून उतरलो. माझ्या त्या एका वाक्यानं तुझी हेडमास्तरी गेली, आणि तू ते मनात ठेवून आहेस पण भलेपणानं येणं सोडत नाहीस. किती वेळा ओठांवर आलं होतं की विचारावं. जर्मनीची लढाई सुरू झाली, रबर मिळेनासं झालं, तुझी कवळी टाळूजवळ चिरली आणि मी ती जुन्या तुकड्यांवर कशीबशी सांधून दिली. त्या दिवशी तू तीन तास माझ्या दुकानात होतास. आपण दोघंच होतो. मी विचारू शकलो असतो. मी काय विचारलं? विचारलं की चावताना टोचत तर नाही.

माझंही चुकत होतं. मला तुझ्याकडून भांडण हवं होतं, म्हणजे मग मला माफी मागता आली असती. तू भांडला नाहीस म्हणून मी तुझ्यावर मनातल्या मनात रागावून राहिलो. तुझा तो गुडघा, ते गुरांमागचं पोर, हे सगळं मी अर्ध्या कानानं ऐकलं. मी तुझ्या बोलण्यात दुसरा अर्थ शोधत होतो. तो तिथे नव्हताच.

गेल्या महिन्यात रामजी सायकलवर आला आणि म्हणाला की मास्तरांच्या छातीत कफ भरला आहे, ताप उतरत नाही. मी दुपारीच निघालो. तू बाजेवर उशीला टेकून पडला होतास, श्वास वाजत होता. वाशीमचे डॉक्टर औषध देऊन गेले होते. वहिनी चुलीपाशी काढा उकळत होत्या. मला बघून तुझे डोळे हलले. तू हात केलास, मी जवळ बसलो, आणि तू काहीतरी बोललास.

मला कळलं नाही. कवळी तोंडात नव्हती. कोनाड्यात पितळेच्या वाटीत पाण्यात ठेवलेली मला दिसत होती, हात लांबवला असता तर पोचला असता. तू पुन्हा बोललास. दोन-तीन शब्दच होते. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, "राहू दे आता. बरा हो, मंग सांगजो." तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि डोळे मिटलेस.

तीस वर्षं मी हेच काम करतो आहे, त्र्यंबक. दात नसलेल्या माणसाचं बोलणं समजून घेणं हा माझा धंदा आहे. आणि कवळी मी केलेली होती. ती धुऊन तुझ्या तोंडात बसवायला मला किती वेळ लागला असता? पण मला वाटलं की तुला त्रास होईल. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मला वाटलं की तू आता ती गोष्ट काढणार, जी इतकी वर्षं काढली नाहीस. गाडीवान घाई करत होता, मी त्याचं निमित्त केलं आणि उठलो. परवा येतो म्हणालो. परवाच्या सकाळी रामजी पुन्हा आला, आणि सायकल भिंतीला न लावता तशीच धरून दारात उभा राहिला.

काय म्हणालास ते मला कळलं नाही आणि आता कळायचं नाही. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, मी चुलीपाशी होती, मले ऐकू नाही आलं.

तेरवीचे लोक पांगल्यावर मी वहिनींचा निरोप घ्यायला आत गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं होतं की अंगणातल्या हसण्याबद्दल त्यांना वाईट वाटलं असेल, म्हणून मी लोकांच्या वतीनं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाल्या, हसू द्या, त्याइले आवडलं असतं. मग म्हणाल्या, बसा भाऊजी.

मी बसलो. त्यांनी विचारलं की मी माहेरी होते तेव्हा तुमच्यात आणि त्यांच्यात काय भांडण झालं होतं. मी गोंधळलो. म्हटलं, तुमाले काय सांगितलं त्यानं? त्या म्हणाल्या की भांडण झालं एवढंच, काय झालं ते नाही. मग मी, इतक्या वर्षांनी, त्यांना ते सांगितलं. तो ओटीचा शब्द मात्र गाळला. आणि हेही सांगितलं की माझ्यामुळे हेडमास्तरी गेली.

मग वहिनींनी मंगरूळची गोष्ट सांगितली, जी तू मला कधी सांगितली नाहीस. त्यांच्या शब्दांतच लिहितो.

"आमच्या आंगनात येऊन उभे राह्यले. माहे भाऊ, बाबा, शेजारचे, सारे जमा झाले. भाऊ तर काठी घेऊनच उभा. त्याइनं टोपी काढली अन् तोंड उघडून दाखोलं. वर एक दात नाही. म्हनले, हे दात आनाचे होते, त्याले कवळी म्हनते. मंग भावाले हसू आलं, बाबाले आलं. मी दाराआड होती. मले वाटलं, आता हे अजून काही बोलतीन, सारे अजून हसतीन, अन् मले मुकाट्यानं गाडीत बसा लागन. पन ते म्हनले, हसू नोका. माही चूक झाली. सारे गप झाले. मंग दाराकडे पाहून म्हनले, आतापर्यंत ज्याले सांगितलं तो हसला. दत्ता हसला नाही, म्हनून मले समजलं."

मी जमिनीकडे बघत होतो.

"घरी आल्यावर काही महिन्यानं मी विचारलं," वहिनी म्हणाल्या, "का तुमचं भाऊजीसंगं बिनसलं का, आता तुमी त्याइच्याशी मजाक नाही करत. तर म्हनले, नाही वं. लोकाइले हसवा लागते. त्याच्याजोळ नाही लागत."

मी उठलो, वहिनींना नमस्कार केला, त्यांनी केला. बाहेर रामजी सतरंज्या गुंडाळत होता. गाडीवानानं बैल जुंपले.

सात वर्षं, त्र्यंबक. सात वर्षं तू दर बाजाराला माझ्यासमोर बसून खरं बोलत होतास आणि मी तुझी कोटी परत यायची वाट पाहत होतो. हे तू मला एकदा सांगायला हवं होतंस. की सांगत होतास, आणि रोजच्या साध्या शब्दांत सांगत होतास म्हणून मला कळलं नाही?

रिठद मागं पडल्यावर मी दमणीत डोळे मिटून बसलो आणि वहिनींनी सांगितलेलं ते वाक्य तुझ्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला. दत्ता हसला नाही, म्हनून मले समजलं. तुझा आवाज मला पाठ आहे असं मी समजत होतो. वर्गातला, पारावरचा, दात असतानाचा, दात नसतानाचा. रिसोडची पहिली घरं दिसेपर्यंत मी ते वाक्य मनात म्हणत होतो. दरवेळी ते वहिनींच्याच आवाजात आलं.